एक नग

१

आमच्या धंद्यात तोंड फार कमी लागतं. पहाटे हाऊ नदीच्या फाट्यावर पाण्यातच बाजार भरतो, शे-दीडशे नावा एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि प्रत्येकीचं इंजीन धडधडत असतं. त्या गदारोळात कोणी घसा फोडून ओरडला, तरी शेजारच्या नावेवरच्याला वाटतं की बिचारा जांभई देतोय. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी काठी काढली. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उंच बांबू उभा करायचा, त्याला आम्ही बेओ म्हणतो, आणि जे विकायचं ते त्याच्या शेंड्याला टांगायचं. भोपळा टांगला तर भोपळा आहे, अननस टांगला तर अननस आहे. गिऱ्हाईक लांबून बघतं, हनुवटीने काठीकडे खूण करतं, बोटं वर करतं. आपण कानाची पाळी धरली की नाही. टोपीच्या कडेला बोट लावलं की सौदा झाला, आणि झालेला सौदा कोणी मोडत नाही.

कपडे नावेवरच धुवावे लागतात, वाळतही तिथेच घालावे लागतात. पण ते मागच्या बाजूला, दोरीवर. दोरीवरचं आपलं, काठीवरचं विकायचं. रांगणाऱ्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

या खुणांची माणसाला इतकी सवय होते की काय सांगू. माझ्या ओळखीचा एक नारळवाला आणि एक काकवीवाला, दोघांनी आयुष्यभर एकमेकांशी हातवाऱ्यांवर धंदा केला. नारळवाल्याच्या मुलीच्या लग्नात दोघांना शेजारी बसवलं तर बोलायला काही सुचेना. घाम पुसत बसले दोघं. शेवटी एकाने हनुवटीने माशाच्या ताटाकडे खूण केली, दुसऱ्याने दोन बोटं वर केली, आणि मग कुठे चेहरे खुलले.

घरातही आमचं तेच. आमचं घर म्हणजे नावच. लुआ माझी बायको, नावेवरच जन्मलेली. जेवण झालं की ती पातेल्यावर पळी वाजवायची. रुसली तर माझी चप्पल उलटी ठेवायची. आणि मी लांबचा माल घेऊन परत आलो की काही न बोलता माझ्या पाठीवर हात सपाट ठेवून घटकाभर उभी राहायची. घोडा घरी आला की त्याच्या मानेवर ठेवतात ना हात, तसा. तो हात नसता तर मी हा धंदा कधीच सोडून शहरात गेलो असतो.

२

त्या दिवशी आमचे भोपळे संपत आले होते. तळाच्या कप्प्यात थोडेफार उरले होते. काठीवरचा नमुन्याचा भोपळासुद्धा एका हट्टी बाईने मागून नेला होता, त्यामुळे काठी मोकळी होती. मागची दोरी गाद्यांच्या खोळींनी भरलेली. लुआच्या हातात तिचा जांभळा सदरा उरला. मोकळी काठी दिसली तशी तिने ती वाकवली, बाह्या ओवल्या आणि पुन्हा उभी केली.

मला याचा पत्ता नव्हता. विकणारा नाळेवर बसतो तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून, म्हणजे काठीकडे पाठ करून. तुमच्या काठीवर काय आहे हे साऱ्या बाजाराला दिसतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. मी कॉफी पीत बसलो होतो. धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं.

त्या धुक्यातून एक नाव पुढे आली. लांबट, काळपट, जुन्या घडणीची. हिच्यात काहीतरी उणं आहे एवढं जाणवलं, काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं. आमच्याकडे प्रत्येक नावेच्या नाळेला दोन डोळे रंगवतात, पाण्यातली वाट दिसावी म्हणून. हिला डोळे नव्हते. पुसट झालेले असतात कधी कधी, रंग उडालेला असतो, पण हिच्या लाकडावर डोळ्यांची जागाच नव्हती.

नाळेवर एक माणूस उभा होता. टोपी खाली ओढलेली, गळ्यात चौकड्याचा पंचा. त्याने हनुवटीने माझ्या डोक्यावरून वर खूण केली आणि एक बोट वर केलं.

मला वाटलं, भोपळे विचारतोय. एक टोपली? का एक डझन? म्हटलं, जवळ आला की बघू. उरलेला माल कोणीतरी उचलतोय याचाच आनंद. मी टोपीच्या कडेला बोट लावलं.

तो जवळ आला नाही. त्याने मान सावकाश खाली घातली, वर केली, आणि ती नाव तशीच मागे मागे गेली. वळली नाही. नाळ माझ्याकडे ठेवून धुक्यात मिसळली. आमच्या नावा तशा मागे जात नाहीत.

एवढ्यात पाचवी मावशी तिची डोंगी वल्हवत आली. आमच्याकडे माणसाला घरातल्या क्रमाने हाक मारतात. ती पाचवी, मी चौथा. नूडल्सचं सूप विकते ती. तिच्या डोंगीला काठी नाही, चुलीची वाफ हीच तिची पाटी.

"काय रे चौथ्या, बायको विकायला काढलीस होय? आधी सांगायचंस, माझा धाकटा दीर कधीचा शोधतोय."

मी मागे वळून वर पाहिलं. जांभळा सदरा वाऱ्यावर फुगला होता. बाह्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या.

लुआ पोट धरून हसली. "विकलंत ना मला? कितीला?"

"एक बोट दाखवलं त्याने."

"एकच? आणि तुम्ही हो म्हणालात? घासाघीस तरी करायची."

मीही हसलो आणि काठी वाकवून सदरा उतरवला. मावशी मात्र एकाएकी हसायची थांबली. तिने माझ्या टोपीकडे पाहिलं, उतरवलेल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि वल्हं उचललं. सूप दिलंच नाही.

३

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा तिने एकच वाडगं भरलं आणि माझ्या हातात दिलं.

"हिचं?" मी म्हटलं.

मावशी चुलीतल्या कोळशांशी खेळत राहिली. लुआ समोर हात पुढे करून उभी. तो हात मावशीच्या तोंडापासून वितीभर लांब होता, पण मावशीची नजर त्याच्या खालून, बाजूने, पलीकडून जात होती. त्या हाताला ती धडकतच नव्हती.

मला राग आला. लुआला माझं वाडगं दिलं आणि मावशीच्या डोंगीत उतरलो.

"काही चुकलं का आमचं, मावशी?"

"नाही रे."

"मग तिच्याशी अबोला का?"

"झालेल्या सौद्याच्या मालाला दुसऱ्याने हात लावायचा नसतो, चौथ्या. एवढी वर्षं बाजारात आहेस. मी शिकवायचं का तुला?"

"कसला सौदा? चेष्टा करता का? तो भोपळे मागत होता."

"काठीवर भोपळा होता?"

मी मोकळ्या काठीकडे पाहिलं.

"आणि सदरा उतरवलास. विकला गेला की माल उतरवतात. साऱ्यांनी पाहिलं."

"कोण होता तो? ओळखता तुम्ही त्याला?"

तिने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "उतर आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."

गिऱ्हाईक नव्हतं कोणी.

मी शहाणा माणूस. शाळा फार झाली नाही, पण वर्तमानपत्र वाचून, रेडिओ ऐकून, दहा गावच्या माणसांशी व्यवहार करून जे शहाणपण येतं ते माझ्याकडे आहे. मनाशी म्हटलं, बाजार म्हणजे बायकी कुजबुज, एकीने काढलं आणि सगळ्यांनी उचललं. दोन दिवसांत विसरतील.

पण कुजबुज तरी ऐकू यायला हवी ना? ती येत नव्हती. बर्फवाला आला, त्याने मला खूण केली. लुआने त्याला दोन बोटं दाखवली तर तो तिच्या मागच्या पाण्याकडे बघत राहिला. अननसवाली, जिच्या बाळंतपणात लुआने रात्री जागवल्या, तिची नाव आमच्या बाजूला आली तेव्हा तिने पाठ केली. रागाने नव्हे. दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेल्या वस्तूवरून आपण नजर फिरवतो ना, सहज, तशी. आणि यांतल्या कोणालाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी लुआ म्हणाली, "अहो, मी दिसते ना तुम्हाला?"

"वेडी का तू."

"नाही, एकदा सांगा."

"दिसतेस."

तिने माझी चप्पल उलटी ठेवली, पण हसत. मला बरं वाटलं.

४

दुपारी बाजार उठतो. नावा आपापल्या वाटेने पांगतात आणि नदी अशी काही सुनसान होते की पाण्यावर पडलेल्या उन्हाचाही आवाज येईलसं वाटतं. आम्ही मागच्या खोलीत आडवे होतो. खोली कसली, ताडपानांचं छप्पर, चटई, कोपऱ्यात चूल, वर फळीवर आईवडिलांचे फोटो आणि उदबत्तीचा डबा. बसलं तर डोकं लागतं. याच खोलीत आमचा संसार झाला.

टक टक.

तळाला बाहेरून कोणीतरी बोटांच्या पेरांनी ठोकलं. गिऱ्हाईक नावेला नाव लावतं तेव्हा असंच ठोकतं, माल काढा म्हणून. मी उठलो. बाहेर कोणी नाही. ज्या बाजूने आवाज आला ती काठाची बाजू होती, तिथे गुडघाभर चिखल आणि पाणकणसं. नाव सोडा, बदकही तिथून आलं नसतं.

ओंडका असेल. भरतीला ओंडके येतात, नारळ येतात. नारळ तळाला आपटला तर असाच आवाज होतो. मी परत येऊन आडवा झालो.

टक टक.

या वेळी डोळे उघडले तर चटईवर लुआ नव्हती. ती पुढे नाळेपाशी, जिथे आम्ही विकलेला माल उचलायला काढून ठेवतो, त्या फळ्यांवर बसली होती. गुडघे जवळ घेतलेले, हात पोटाशी, पाठ ताठ. भोपळे रचतो तशी, कमीत कमी जागेत.

"लुआ, उन्हात काय करतेस?"

ती दचकली. आजूबाजूला पाहिलं. "मी इथे कधी आले?"

त्यानंतर ते रोजचंच झालं. ती भांडी घासत असे, मी पाठ फिरवली की फळ्यांवर. सदरा शिवत असे, सुई अर्ध्यावर टोचलेली राही आणि ती फळ्यांवर. तिला आठवत नसे. एकदा तिने पंच्याने आपला पाय चुलीजवळच्या खांबाला बांधला. "आता बघू कशी जाते," म्हणाली. दुपारी जाग आली तेव्हा पंचा खांबाला होता, गाठ तशीच, न सोडलेली. ती फळ्यांवर.

आणि सकाळच्या धुक्यात ती नाव. रोज त्याच अंतरावर असते असं मी स्वतःला पटवून देत होतो. पण आधी मला फक्त टोपी दिसायची. मग पंच्याच्या चौकड्या दिसू लागल्या. मग चौकड्यांचा रंग.

"निघू इथून," लुआ म्हणाली. "बाजार काय एकच आहे?"

नांगर उचलला आणि वर, लांबच्या फाट्यावरच्या बाजारात गेलो. तिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. मी नाळेवर बसलो, लुआ माझ्या शेजारी. एक तरुण व्यापारी आपली नाव घेऊन हसत आला. माझ्याकडे पाहून त्याने हात केला. मग नजर लुआवर गेली आणि तिथून घसरली. त्याने सुकाणू फिरवलं.

लुआने माझा दंड धरला. त्याच्या मागे, धुक्यात, डोळे नसलेली नाळ उभी होती.

५

बोलून ठरलेलं बोलून मोडता येतं. इथे बोलणं झालंच नव्हतं. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, ज्या भाषेत हो म्हटलंय त्याच भाषेत नाही म्हणायचं.

सकाळी नाळेवर उभा राहिलो. तो समोर होता. मी टोपी काढली, उलटी केली आणि छातीशी धरली. चूक झाली, माल परत, असा त्याचा अर्थ. माझ्या आयुष्यात मी हे दोनदाच केलं होतं, आणि दोन्ही वेळा समोरच्याने हसून हात हलवला होता.

त्याने काहीच केलं नाही. तो मला बघतच नव्हता. टोपीच्या कडेखालचा अंधार माझ्या मागे, चुलीपाशी बसलेल्या लुआकडे वळलेला होता.

मी कान धरला. दोन्ही कान धरले. लोक बघत होते, मला पर्वा नव्हती. शेवटी मी अंगातला सदरा काढला आणि काठीला टांगला. उघड्या अंगाने त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं ना मी व्यापारी आहे. एका मालाच्या बदल्यात दुसरा द्यावा, गिऱ्हाईक राजी होतं कधी कधी.

आता त्याने वर पाहिलं. माझा सदरा पाहिला. मग मला पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश, जसा कोणी म्हातारा बैल बघतो. आणि त्याचा हात वर गेला.

त्याने कानाची पाळी धरली.

मग पुन्हा एक बोट वर केलं, आधीसारखंच. तेव्हा मला कळलं, ते बोट मी इतके दिवस चुकीचं वाचत होतो. एक टोपली, एक डझन, एक हजार, काय काय समजत होतो. तो भाव नव्हता. आकडाच होता तो, पण नगाचा.

मी सदरा उतरवला. मागे लुआने सगळं पाहिलं होतं.

"तुम्ही स्वतःला टांगलंत," ती म्हणाली.

"घेत नाही म्हणाला."

"कोण घेईल," ती म्हणाली. "ढेरी केवढी झालीय." आणि तोंडावर पंचा ओढून ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. पाठ गार होती, चुलीच्या धगीतही, आणि ओली. तिचा सदरा मात्र कोरडा होता.

६

तो आला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. धुकं नव्हतं. बाजार भरात होता, आणि तरी एकेक इंजीन बंद पडत गेलं. कोणी बंद केलं, की आपोआप पडलं, मला माहीत नाही. नावा बाजूला सरकल्या. कोणी खूण केली नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही, आणि आमच्यापर्यंत पाण्याची एक सरळ वाट मोकळी झाली. पाचवी मावशी चुलीवर वाकून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

ती नाव आमच्या नावेला लागली. लाकडाला लाकूड लागल्याचा आवाज झाला नाही.

टक टक.

लुआ उठली. मी तिला कमरेत धरलं. ती झटापट करत नव्हती, ओढत नव्हती, पण उतारावरून पाणी जातं तशी पुढे जात होती, आणि माझे पाय फळ्यांवरून घसरत होते. मी सुकाणूचा दांडा धरला. दांडा हातात आला.

त्याच्या नावेचं मधलं झाकण उघडं होतं. माल ठेवायला आत जागा असते ती. मी बघायला नको होतं.

आत माणसं होती. नीट रचलेली, ओळींनी, गुडघे जवळ, हात पोटाशी. आम्ही कलिंगडं रचतो तेव्हा घासू नयेत म्हणून मधे पेंढा घालतो, तसा त्यांच्यामधे पेंढा होता. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. मला वाटलं, मेलेली आहेत. तशी असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या ओळीतल्या एका म्हातारीने हात उचलला, शेजारच्या मुलीची कॉलर सरळ केली आणि हात परत पोटाशी ठेवला.

त्या ओळीत शेवटी एक जागा मोकळी होती. पेंढा घालून ठेवलेला.

लुआनेही ते पाहिलं. तिचं अंग माझ्या हातात शहारलं, आणि त्याबरोबर ती क्षणभर स्वतःची झाली, मला ते बोटांना कळलं.

"अहो," ती म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात, जशी मीठ कुठे ठेवलं विचारते. "डागी माल कोण घेतं?"

नाळेवर भोपळे कापायची सुरी पडलेली असते. भोपळ्याला नखाएवढी चीर असली तरी कोणी हात लावत नाही, कारण तो आठवडाभरात आतून सडतो. आमच्यातल्या पोरांना बोलायच्या आधी हे कळतं. तिने सुरी उचलली आणि मी काही करायच्या आत डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्यापर्यंत ओढली.

तिने आवाज केला नाही. रक्त हनुवटीवरून जांभळ्या सदऱ्यावर उतरलं.

त्याने हात पुढे केला. बोटं पांढरी होती, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. त्याने तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. चिरेवरून अंगठा फिरवला, दाबून पाहिला, किती खोल गेलीय ते बघायला. इतक्या जवळून मी त्याच्या टोपीखाली पाहू शकलो असतो. मी पाहिलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

मग त्याने तिला सोडलं आणि कानाची पाळी धरली.

ती नाव मागे मागे गेली. इंजिनं पुन्हा धडधडू लागली आणि कोणीतरी लांबून बर्फवाल्याला दोन बोटं दाखवली.

मावशी सगळ्यांच्या आधी येऊन पोचली. डोंगीतून आमच्या नावेत चढताना पडली, उठली, आणि लुआचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पोरी, पोरी, केवढं लागलं गं." जणू त्याआधी ती स्वतः तिथे नव्हतीच.

७

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टरने विचारलं कसं झालं, मी म्हटलं भोपळा कापताना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्याला काय म्हणायचंय ते मला कळावं. मी मान खाली घातली. नवरे बायकांना मारतात हे त्याला माहीत होतं, बाकीचं मी कोणत्या तोंडाने सांगू?

लुआ बाजारात परत आली. लोक तिला हात करत होते, अननसवालीने तिला मिठी मारली, बर्फवाल्याने बर्फाची लादी फुकट दिली. कोणी मागचं काही काढलं नाही, आम्हीही नाही. नवे भोपळे भरले. त्या दिवसांइतकं सुख आम्हाला आधी कधी झालं नव्हतं, हे खरं सांगतो.

डॉक्टरचा हात चांगला होता. जखम छान भरत आली. टाके निघाले, खपली पडली, खाली गुलाबी नवी कातडी आली. लुआ त्यावर खोबरेल तेल चोळायची आणि आरशात बघून म्हणायची, "फार काही दिसत नाही ना?"

"काहीच दिसत नाही," मी म्हणायचो. तिला बरं वाटावं म्हणून.

एके सकाळी अननसवाली आमच्या बाजूने गेली आणि तिची नजर लुआवरून घसरली. मी समोर पाहिलं. धुक्यात, लांब, नुसती एक टोपी.

मी लुआकडे वळलो. तिलाही दिसलं होतं. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा गालावर पुन्हा पट्टी होती, पट्टीतून लाल येत होतं.

शहरात जाऊन पाहिलं. माझ्या भावाचं घर नदीपासून चांगलं दूर आहे, सिमेंटचं, वरच्या मजल्यावर. एक महिना बरा गेला. मग वहिनीने ताटं मांडली ती एक ताट कमी, आणि तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच दुपारी जमिनीवरच्या फरशीखालून, जिथे खालच्या मजल्यावर बंद पडलेलं गोदाम आहे, टक टक झालं. आम्ही नावेवर परतलो. निदान तिथे तो दिसतो तरी.

आता मला त्याचा हिशेब कळलाय. जखम ओली असेपर्यंत तो येत नाही. खपली धरली की टोपी, कातडी आली की पंचा. लुआची कातडी फार लवकर भरते, लहानपणापासूनच तशी आहे. तिची आई त्याचं कौतुक करायची म्हणे.

डाव्या गालावर आता जागा नाही. तिथली कातडी जाड झालीय, कापली तरी धड रक्त येत नाही, आणि जुना वण बघून तो फसत नाही, हे आम्ही एकदा करून पाहिलं. तिचा हातही हल्ली थरथरतो. गेल्या वेळी सुरी डोळ्याजवळ गेली.

म्हणून ते काम आता माझ्याकडे आहे. बाजार सुरू व्हायच्या आधी मी सुरीला धार लावतो, उकळत्या पाण्यातून काढतो. लुआ केस मागे बांधते आणि माझ्यासमोर येऊन बसते. आम्ही बोलत नाही, बोलण्यासारखं काय आहे त्यात. ती तोंड उजेडाकडे वळवते आणि उजव्या गालावर बोट टेकवून मला जागा दाखवते.